ब्रिनचे दोन फ्री थ्रो

सेंट लुड्मिला कॉलेजच्या जिममध्ये मी तीन वर्षं बास्केटबॉल खेळले, आणि चौथ्या वर्षी त्याच जिममध्ये दोन हजार माणसं मला शिव्या घालायला जमली. कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाची, उपांत्य फेरी होती, मार्चमधली शनिवारची दुपार. गुणतक्त्यात सेंट लुड्मिला पहिलं, म्हणून सामना त्यांच्याच गावात. आणि मी आता चाळीस मैलांवरच्या कॉटनवुड कॉलेजच्या हिरव्या जर्सीत.

मी मैदानावर पाऊल टाकलं मात्र, विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून शाळकरी पोरांसारखा हेल काढून ओरडा सुरू झाला, "बाऽई, हिने बघा! बाऽई, हिने बघा!" मग टाळ्यांच्या ठेक्यावर, "चहाड-खोर! चहाड-खोर!" पहिल्या रांगेत बसलेले इतिहासाचे प्राध्यापकही टाळ्या वाजवत होते. त्यांनीच मला कॉटनवुडसाठी शिफारसपत्र दिलं होतं.

त्यांचा राग कशाचा होता ते सांगते. आदल्या वर्षीच्या जानेवारीत सरावात ब्रिन सेडलाचेकचं डोकं फरशीवर आपटलं. ब्रिन आमची पॉइंट गार्ड, चेंडू हाती घेऊन खेळ चालवणारी, आणि माझी रूममेट. दोन दिवस ती उलट्या करत होती, दिव्याकडे बघवत नव्हतं तिला. तिसऱ्या दिवशी कोचनी तिला सामन्यात उतरवलं. "सर्दी झालीय तिला," असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि ब्रिननंही मान डोलावली. मी सरळ क्रीडा विभागाच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगून आले. बावीस वर्षं त्या गावानं डोक्यावर घेतलेल्या माणसाची नोकरी गेली. ब्रिनला डॉक्टरांनी उरलेला पूर्ण मोसम बसवलं. आणि तिच्या जागी खेळले कोण? मी. एकोणीस सामने. आधी मी बाकावरची होते.

म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

आमच्या कोच, रोंडा टीसेन, यांना माझं कौतुक होतं अशातला भाग नाही. सामन्याआधी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ऑड्रा, त्यांना तू हवी आहेस. तर तू त्यांच्या तोंडासमोर राहा. त्या तुझ्यामागे धावतील, बाकीच्या चौघी मोकळ्या खेळतील."

"आणि मी?"

"तू मार खा," त्या म्हणाल्या. कोणीतरी हसलं.

मार पडलाच. ब्रिन आता बरी होऊन परतली होती, कॅप्टन होती, आणि तिनं मलाच धरलं होतं. पंचांची पाठ फिरली की कोपर बरगडीत. पहिल्या क्वार्टरमध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आज काय सांगणार आहेस जाऊन? मी तुला ढकललं म्हणून?"

"खेळ ना गप," मी म्हटलं.

"खेळतेच आहे. तू ज्या वर्षी खेळू दिलं नाहीस, त्या वर्षाचंही आजच खेळणार आहे."

मी चेंडूला हात लावला की सगळा जिम हूऽऽ करायचा. मी चार चेंडू टाकले, चारही रिंगला लागून बाहेर. प्रत्येक वेळी दोन हजार माणसांना झालेला आनंद अंगावर आल्यासारखा वाटायचा. मध्यंतरात पाणी प्यायला गेले तर एक आजीबाई कठड्यावरून वाकून शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तुला झोप कशी लागते गं?" आजीबाईंनी स्वेटरवर कॉलेजचा बिल्ला लावला होता. मी बाटली भरून घेतली आणि परत आले.

पण टीसेनबाईंचा डाव खरा ठरत होता. त्यांच्या दोघी-दोघी माझ्यावर धावायच्या आणि आमची कैया बास्केटखाली मोकळी सापडायची. शेवटच्या क्वार्टरमध्ये एक मिनिट बारा सेकंद उरले तेव्हा सेंट लुड्मिला ६१, आम्ही ६०.

तेवढ्यात एक चेंडू निसटला. मी आणि ब्रिन, दोघी एकदम झेपावलो. माझा खांदा तिला लागला, ती बाजूला फेकली गेली, आणि तिचं डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मला त्या गोंधळातही ऐकू आला. शिट्टी वाजली. फाऊल माझा, बरोबरच होता. ब्रिनला दोन फ्री थ्रो, कोणी आडवं न येता टाकायचे, एकेका गुणाचे.

ती लगेच उठली. हात वर केला. जिम दणाणला. त्यांच्या नव्या कोचनी विचारलं, "ठीक आहेस?" तिनं मान डोलावली. मग ती चालू लागली, पण उलट्या बाजूच्या बास्केटकडे. लोक हसले, त्यांना वाटलं, आमची टिंगल करतेय. एका मुलीनं तिला खांद्याला धरून वळवलं.

माझ्याशेजारून जाताना ती थांबली. आमच्या खोलीत बोलायची तशा आवाजात म्हणाली, "ए ऑड्रा, माझे लोकरी मोजे तूच घातलेस ना? धुऊन दे हं, मागच्यासारखं करू नकोस."

चौदा महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा धड बोलली होती.

हिच्या डोक्याला पुन्हा लागलंय, माझ्या लक्षात आलं. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात आकडाही आला. ब्रिन फ्री थ्रो चुकवत नाही. दहात नऊ. ती बाहेर गेली तर दुसरी कोणीतरी टाकेल. दोन्ही विचार एकदम आले. कुठला आधी आला ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही.

मी पंचांकडे गेले. करड्या केसांच्या बाई होत्या. म्हटलं, "मॅडम, तिच्या डोक्याला लागलंय. ती भानावर नाहीये."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी कोण, हे त्यांनाही ठाऊक असणार. "तुला कसं कळलं?"

"ती माझ्याशी नीट बोलली."

त्या ब्रिनकडे गेल्या. "समोरचा संघ कुठला, सांग बघू."

ब्रिननं माझ्या जर्सीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. "ऑड्रा, हे हिरवं काय घातलंयस तू?"

पंचांनी हात वर करून खेळ थांबवला आणि त्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. ब्रिनला बाहेर नेताना ती एकदाच मागे वळली, का नेतात ते न कळल्यासारखी. मी पंचांशी बोलताना सगळ्यांनी बघितलं होतं. जो आरडाओरडा उठला तो मी जन्मात ऐकला नव्हता. कागदी पेले, बर्फ, अर्धा खाल्लेला हॉटडॉग, हाताला लागेल ते येऊन पडत होतं. कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं, "पुन्हा तेच केलंस! पुन्हा तेच केलंस तू!"

ब्रिनच्या जागी पहिल्या वर्षातली एक उंच मुलगी फ्री थ्रोला आली. पहिला चुकला. दुसरा रिंगवर फिरून बाहेर पडला. कैयानं पुढच्या खेपेला बास्केट केली, त्यांचा शेवटचा प्रयत्न फसला, आणि आम्ही ६२-६१ जिंकलो.

आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. टीसेनबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हणाल्या, "शाबास! काय डोकं चालवलंस!"

"कोच, मी त्यासाठी नाही केलं."

"बरं बरं," त्यांनी डोळा मारला. "मी कुणाला सांगत नाही."

दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या शिव्यांपेक्षा ते मला जास्त लागलं.

बसकडे जाताना पोलिसांनी आम्हाला मागच्या दारानं काढलं. तिथे ॲम्ब्युलन्सपाशी ब्रिनची आई उभी होती. त्यांच्या घरी मी दोन ईस्टर काढलेत. कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, करून वाढायच्या मला. मी रांगेतून बाहेर पडले.

"मिसेस सेडलाचेक, कशी आहे ती?"

"नाव विचारलं तर सांगते. साल विचारलं तर चुकीचं सांगते." त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. "तू सांगितलंस ते बरं केलंस. डॉक्टर म्हणाले, खेळत राहिली असती तर काही खरं नव्हतं."

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "पण तिला पाडलंसही तूच. आणि जिंकलीसही तूच. दोन्ही वेळा तुझंच भलं झालं, ऑड्रा. माझ्या मुलीचं एकदाही नाही. आता जा इथून."

मी गेले.

रविवारच्या अंतिम सामन्यात आम्ही तेवीस गुणांनी हरलो. तिथेही स्टँडमधून "बाऽई, हिने बघा!" आलंच, बातमी पोचली होती. ब्रिन पुन्हा कधी खेळली नाही. मे महिन्यात मी तिला लांबलचक पत्र लिहिलं, कोपरांचं, खांद्याचं, आकड्याचंही, काही लपवलं नाही. आठवड्यानं तिचं उत्तर आलं, चारच ओळी: "त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही. आई सांगते, तू मला वाचवलंस. असेल. पण तुझा राग येतो तो मात्र मला लख्ख आठवतो, आणि तो मी सोडणार नाही. पुन्हा लिहू नकोस."

मी पुन्हा लिहिलं नाही.