चार्ज दिल्याशिवाय

एका हाताने चादर ओढून धरत सिस्टरने दुसऱ्या हाताने आजोबांची पाठ पुसली आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. दुपारच्या ड्यूटीची धाकटी नर्स अजून आली नव्हती.

"आज आमची पाठ फारच चकचकीत करताय," आजोबा म्हणाले. "गादीसारखं उन्हात टाकताय की काय?"

"गप्प पडा. कूस बदलायला दुसरे दोन हात येऊ देत."

ती हसली, पण जीव टांगणीला लागला होता. तीन वाजता पलीकडच्या चौकातल्या दवाखान्यात तिची मुलाखत होती. एकच जागा, आणि रात्रपाळी नाही. "आई, तू घरी असतेस तेव्हा झोपलेलीच असतेस," लेक परवा म्हणाली होती. रागावून नाही, अगदी सहज. तेच जास्त लागलं. मुलाखतीबद्दल तिने इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. इस्त्रीची साडी तेवढी पिशवीत होती.

तिने मेट्रनला फोन लावला.

"माणूस कुठून आणू गं? सगळ्या वॉर्डांत हीच बोंब आहे."

येणाऱ्या सिस्टरला चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे नव्या मुलींकडून तीच घोकवून घ्यायची. तरी तिने एकदा पिशवी उचललीच. समोरच्या खाटेवरचं सलाईन संपत आलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली.

धाकटी आली तेव्हा चार वाजून गेले होते. धापा टाकत, केसांत नवी पिन, चेहरा फुललेला.

"सॉरी सिस्टर, खरंच सॉरी! कुणाला सांगू नका हं. पलीकडच्या दवाखान्यात मुलाखत होती. मिळाली नोकरी! दुसरी बाई आलीच नाही म्हणे."

सिस्टरला राग असा आला की कानशिलं तापली. एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. पण या वॉर्डात पोरीला इतकं हसताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"आधी हात धू," ती म्हणाली. "आजोबा केव्हाचे एकाच कुशीवर आहेत."

दोघींनी मिळून त्यांना वळवलं. मग सिस्टरने खाटेखाटेने फिरून चार्ज दिला, नेहमीसारखा, एकही औषध न विसरता.

निघताना आजोबांनी हाक मारली.

"बाई, उद्या सकाळी तुम्हीच ना?"

"मीच," पिशवी खांद्याला अडकवत ती म्हणाली. "जातेय कुठे!"