माळ्यावरची भांडी

"अब्बा, जरा बाजूले व्हा. तुमची सावली पडून राह्यली फोटोत."

रहेमतुल्ला निमूट बाजूला झाला. राबियानं बाजेवर धुतलेली चादर अंथरली होती आणि तिच्यावर घरातला जुना कंदील नव्या नवरीसारखा बसवला होता. मोबाइलवरच्या लिलावात तो मांडायचा होता. आजीचं पानदान असंच गेलं, पुण्याच्या कुणा बाईनं चढाओढीनं बोली लावून नेलं. मागाहून तिनं राबियाच्या नावापुढे पाच चांदण्या दिल्या. त्या चांदण्या राबियानं घरादाराला दाखवल्या, शेजारच्या गीताबाईलासुद्धा.

रहेमतुल्लानं आजवर लिलाव पाहिला तो कापसाच्या बाजारातला. तिथं व्यापारी भाव बोलतो आणि माल आणणारा खाली मान घालून उभा राहतो. इथं माल मांडणारी त्याची लेक मांडी घालून बसायची आणि बोली लावणारे तिलाच प्रश्न विचारायचे. हे त्याला फार आवडलं होतं. सासर सोडून पिंपळगाव राजाला परत आली तेव्हापासून वर्षभर ही पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आता ती चहा पिता पिता हसायची. म्हणूनच तो एकदा बेफिकीर बोलून गेला होता, "माळ्यावर नको असलेलं लय पडेल हाये. काढ सारं."

"हा पाहा," राबियानं फोन पुढे केला. "याच्यावर सगळ्यात जास्त लोक आले. बोली उद्या दुपारी संपते."

फोटोत पितळी गंज होता. वऱ्हाडात स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. रहेमतुल्लाची नजर बुडाजवळच्या ठिगळावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. ते ठिगळ त्यानंच लावलं होतं, आतली कल्हईही त्याचीच होती. भांडं कलाबाईचं होतं.

कल्हईवाल्याचा एक रिवाज असतो. गिऱ्हाईक भांडं न्यायला आलं नाही तर त्याच्या दारात जाऊन तगादा करायचा नाही. भांडं पालथं घालून ठेवून द्यायचं. रहेमतुल्लाच्या बापानं तेच केलं, त्यानंही तेच केलं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा कापसाला अळी लागायचीच नाही असं सगळे सांगत होते. पुढे गुलाबी अळीनं बीटीचीही बोंडं पोखरली. त्या साली गावातलं पितळ मोडीत गेलं, लोक स्टीलवर आले, आणि रहेमतुल्लाचा भाता थंड पडला. माळ्यावरची भांडी मात्र राहिली. इतकी वर्षं राहिली की ती आपली नाहीत हे बोलण्याच्या भरात त्याच्या ध्यानातून गेलं.

तो चपला घालून निघाला. कलाबाई बौद्धवाड्यात, दारातच बसली होती. अर्धवट उमललेल्या, डागी बोंडांतून कापूस ओरबाडून काढत होती.

"कलाबाई, तुमचा गंज माह्याकडं हाये."

तिचे हात थांबले. तिनं आधी घरात डोकावून पाहिलं. तिचा नवरा जानराव आत झोपला होता.

"मोडला त नाही ना, भाऊ?"

"नाही. पण नेला काऊन नाही तुम्ही?"

"आणला असता त राह्यला असता का?" ती आवाज खाली करून म्हणाली. "अळी पडली त्या साली परात मोडीत गेली, हंडा गेला. हे रोज इचारत, गंज कुठी हाये? म्या म्हणे, कल्हईले देल्ला. माह्या मायनं लग्नात देल्ला तो. माह्या पोरीच्या, महामायाच्या लग्नात तिले द्याचा हाये. तुमच्या घरी होता म्हून वाचला."

"मंग आज आणून देऊ?"

"नका आणू. औंदाबी तेच हाये." तिनं हातातलं बोंड दाखवलं. आत कापसाची काळपट, चिकटून वाळलेली कवडी होती. "पोरीचं लगन जमेलोक राहू द्या तिथंच."

रहेमतुल्ला परतताना मुद्दाम सावकाश चालला. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. लेकीला कसं सांगायचं हेच कळत नव्हतं. तिच्या तोंडावर आलेलं हसू आपल्याच हातानं पुसायचं, याचं त्याला मरणाचं दुःख झालं.

ऐकून राबिया फणकारली. "तुम्हीच म्हणले होते, काढ सारं."

"म्हणलो होतो. चुकलं माह्यं."

"बोली लागल्यावर माघार घेतली त खातं बंद करतात, अब्बा. आत्ता कुठी लोक मले ओळखाले लागले."

"अमानत हाये बेटा ते." तो उंबऱ्यावर बसला. "माह्या एकट्यावर नाही, साऱ्या घरावर सोपवेल हाये. मी जबरदस्ती करत नाही. तू ठरव."

राबियानं फोन हातात घेतला. आतून शकीलानं, तिच्या आईनं, जेवायला हाक मारली. कुणी उठलं नाही. मग तिचा अंगठा हलला.

"कारण इचारून राह्यले. वस्तू हरवली, वस्तू फुटली, का किंमत चुकली?"

"याच्यातलं काहीच नाही."

"मंग काय लिहू?"

"लिही, वस्तू आमची नाही."

तिनं तसं लिहिलं. थोड्या वेळानं उत्तर आलं. ते तिनं मोठ्यानं वाचलं नाही, फोन फक्त चादरीवर पालथा ठेवला. खातं बंद झालं, हे रहेमतुल्ला समजला.

मग तिनं शिडी लावली. गंज पदरानं पुसून वर नेला, भिंतीशी पालथा घातला आणि तिथंच बसून राहिली.

"अब्बा, इथलं बाकीचं कोणाचं हाये?"

"ते कढईसारखं शालिग्रामच्या मायचं. तो सुरतेले गेला, कंपनीत. मोठी परात रुख्मिणीची, ती लेकाकडं राह्यते."

"हा तपेला?"

"दयारामचा."

दयाराम आता नव्हता, हे राबियालाही माहीत होतं.

"त्याची बायको?"

"माहेरी गेली, साखरखेर्ड्याले. येईन कधी."

राबियानं तपेला उचलून उजेडाकडे धरला. आतली कल्हई अजून पांढरी होती. तिनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि तो कलाबाईच्या गंजाशेजारी पालथा घातला.