चापटबाईची फजिती

कानाखाली आवाज काढायची धमकी सगळेच देतात. मी तो खरोखर काढते आणि त्यावर माझं घर चालतं. सिनेमात कुणी कुणाच्या थोबाडीत दिली की जो 'फाडकन' आवाज येतो ना, तो माझा. नट नुसता हवेत हात फिरवतो. मी इकडे स्टुडिओत माइकसमोर बसून जुन्या चामड्याच्या उशीवर ओला टॉवेल हाणते. गाजर मोडून हाडं मोडते, पिठाच्या पिशवीवर चालून बर्फ तुडवते, पण नाव झालं ते चापटींचं. या धंद्यात मला चापटबाई म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

त्या दिवशी माझ्याबरोबर मुंगी होती. मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची लेक. भाऊ-भावजयीने तिला गेल्या वर्षी दत्तक घेतलं. त्याआधी ती जिथे राहत होती, तिथे मोठ्यांचा हात उठायचा तो मारायलाच. त्यामुळे आमच्याकडे कुणी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंच केला, तरी ती डोकं झाकून मटकन खाली बसायची. डोक्याला तर कुणाला हातच लावू द्यायची नाही. भांगही स्वतःच पाडायची, वाकडातिकडा. भाऊ कंगवा हातात धरून बाजूला उभा राहायचा आणि म्हणायचा, "असू दे, घाई नाही." मला मात्र घाई होती. मी जन्माची उतावळी! या पोरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायला मिळावा, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

"आज मारामारीचं काम नाहीये ना गं ताई?" तिला माझ्याकडे सोडताना भावाने विचारलं होतं.

"छे रे! मुलांसाठीची फिल्म आहे," मी ठोकून दिलं.

खोटं नव्हतं ते. मुलांना मारणं जगभर बंद व्हावं म्हणून झटणाऱ्या एका संस्थेची ती एक मिनिटाची फिल्म होती. कितीतरी देशांत एकाच दिवशी, भर चौकात दाखवायची, म्हणून तिच्यात एकही शब्द नव्हता. सगळी भिस्त आवाजांवर, म्हणजे माझ्यावर! दिग्दर्शिका बिचारी म्हणाली, "ताई, आधी एकदा शेवटपर्यंत बघून घ्या ना." मी म्हटलं, "अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून करतेय मी हे." मुंगीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि माइक पुढे ओढला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

पडद्यावर एक मुलगा बापाच्या कागदांवर शाईची बाटली सांडतो. बाटली, शाई, मागे सरकलेली खुर्ची, सगळं मी झकास दिलं. बापाचा हात वर गेला. माझाही गेला. टॉवेल असा सणसणीत बसला की काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन उपटून काढले. आणि पडद्यावर? पडद्यावर बापाचा हात मुलाच्या डोक्यावर अलगद टेकला होता आणि केसांतून फिरत होता.

"ताई!" दिग्दर्शिका किंचाळली. "अहो, तो मारतच नाही! तीच तर फिल्म आहे!"

सगळे खो खो हसले. मीही हसले असते, पण मुंगी खुर्चीत नव्हती. ती टेबलाखाली होती, दोन्ही हातांनी डोकं धरून.

मी उशी-टॉवेल घेऊन जमिनीवरच फतकल मारली, तिच्यापासून जरा लांब. "मुंगे, हे बघ. ही उशी, हा टॉवेल. कुणालाही लागलं नाही. माझ्या एवढ्या चापटींत कधी कुणालाच लागलं नाही."

टेबलाखालून एक हात आला आणि त्याने उशी नीट चाचपून पाहिली.

"भिजलीय नुसती," मुंगीने निकाल दिला. "आता खरा आवाज काढ. त्या मुलाच्या डोक्यावरचा."

इथे माझी खरी फजिती सुरू झाली. जन्मभर चापटी मारल्या. मायेने फिरणाऱ्या हाताचा आवाज कधी कुणी मागितलाच नव्हता. मी मखमल घासली, तर पडदा सरकवल्यासारखा आवाज आला. कापसाने तोंडच उघडलं नाही. जुना विग घेतला, तर गवतातून साप गेला. माझे स्वतःचे केस रंगवून रंगवून इतके राठ झालेत की अंगण झाडल्यासारखं वाटलं. शेवटी रेकॉर्डिस्टने स्वतःचं डोकं पुढे केलं. त्याचं चकचकीत टक्कल! हात फिरवला तर फुगा पुसल्यासारखं 'चुईं' झालं.

टेबलाखाली कुणीतरी खुदकन हसलं. मग मुंगी रांगत बाहेर आली.

"माझे केस घेऊन बघ," ती म्हणाली. "पण हात वरून नाही आणायचा. खालून. मला दिसला पाहिजे."

मी माइक खाली केला. हात गुडघ्यावरून उचलला, तिच्या डोळ्यांसमोरून नेला आणि त्या वाकड्या भांगावर ठेवला. मऊ, गरम केस. हात फिरवला. माझे डोळे डबडबले, पण नाक ओढलं तर टेक वाया जाईल म्हणून मी श्वास कोंडून बसले.

"मिळाला!" दिग्दर्शिका म्हणाली.

मुंगी पडद्याकडे बघत होती. "पण त्याच्या बाबांचा हात तर वरून येतोय."

"आवाजात ते कळत नाही गं."

"मला कळतं ना!" तिने डोळे गच्च मिटले, खांदे कानांपर्यंत नेले. "घे वरून."

मी हात वर केला. तो खाली आला, टेकला, फिरला. तिचे खांदे हळूहळू उतरले. तोच टेक फिल्ममध्ये गेला.

"परत," मुंगी डोळे न उघडता म्हणाली.

"अगं, ओके झालाय."

"तरी परत."

रेकॉर्डिस्टने मशीन बंद केलं, तरी आमचं चालूच.

भावाला आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही. फिल्मच्या दिवशी चौकात ही गर्दी! मोठ्या पडद्यावर शाई सांडली, हात वर गेला, लोकांनी श्वास रोखले, आणि तो एवढासा आवाज अख्ख्या चौकात भरून राहिला.

"बाबा, ओळख, कुणाच्या डोक्याचा आवाज आहे?"

"त्या मुलाच्या," भाऊ म्हणाला.

"चूक!" मुंगीने त्याचा हात धरला, उंच उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "ऐक."

त्यानंतर मंचावर भाषणं झाली, मोठमोठी माणसं बोलली, टाळ्या पडल्या. भावाने त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. मुंगीचा भांग पार विस्कटून गेला होता आणि ती म्हणत होती, "परत."