मागच्या सीटवरची झोप

साडूने नवी मोटरसायकल घेतली तेव्हाच सीटवाल्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. पण ते दुखणं सोसण्यासारखं होतं. साडूच्या दारात नवी गाडी उभी राहिली आणि पोटात दुखलं नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. खरी आग लागली ती बायको त्या गाडीवर झोपली तेव्हा.

सीटवाला म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींच्या सीट शिवणारा. गॅरेजांच्या गल्लीत त्याचं दुकान. पुढे फोमचे तुकडे, मागे शिलाई मशीन आणि मधोमध एक लोखंडी घोडा. गिऱ्हाइकाला त्या घोड्यावर बसवायचं, कुठे टोचतं कुठे रुततं ते विचारायचं आणि मग कात्री हातात घ्यायची. हाताला कसब होतं, गिऱ्हाइकं लांबून यायची. खोड एकच. दुपारी जेवण झालं की शिवता शिवताच त्याचा डोळा लागायचा. पेडलवरचा पाय सैल पडायचा, मशीन थांबायचं, आणि आवाज बंद झाला रे झाला की हा दचकून जागा व्हायचा. पुन्हा घर्रर्र सुरू. गल्लीतले सगळे त्याची टिंगल करायचे आणि तोही त्यात हसायचा.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चष्म्यांच्या दुकानाचा मालक, नीटनेटका, बोलण्यात गोड. त्याच्या नव्या गाडीची मागची सीट सीटवाल्यानेच शिवून दिली होती, नात्यातलं काम म्हणून जीव ओतून. माप द्यायला थोरली काही आली नाही. तिला सवड कधी नसतेच. मग बहिणी-बहिणी अंगाने सारख्याच, म्हणून याने बायकोलाच लोखंडी घोड्यावर बसवलं आणि तिच्या मापाने सीट शिवली. पाठीला उशी, दोन्ही हात टेकायला दोन गाद्या. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो माणसाने कसा घ्यावा, हे त्याच्याकडून शिकावं.

त्या वर्षी तिघे समुद्रापर्यंत जाऊन आले. थोरली सर्दी झाली म्हणून घरीच राहिली होती. परतीच्या वाटेवर सीटवाल्याच्या जुन्या गाडीची चेन तुटली. गाडी टेम्पोत चढवली. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकालाच जागा, म्हणून बायको साडूच्या मागे बसली. यात वावगं काहीच नव्हतं. सीटवाल्यानेच तिला म्हटलं होतं, "बस जा, उगाच उन्हात कशाला थांबतेस?"

आणि मग टेम्पोच्या काचेतून त्याने पाहिलं. साडूची गाडी पुढे एका लयीत चालली होती. बायकोचं हेल्मेट हळूहळू कललं आणि साडूच्या पाठीवर टेकलं. हात गाद्यांवर सैल पडले.

"बाईंना झोप लागली बघा," टेम्पोवाला कौतुकाने म्हणाला. "काय चालवतोय पण! कोण तुमचे?"

"साडू."

"अन् त्या बाई?"

"माझी बायको."

टेम्पोवाल्याने रेडिओ लावला आणि घर येईपर्यंत बंद केला नाही.

सीटवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लग्न झाल्यापासून ही बाई त्याच्या मागे बसत आली, पण एकदा म्हणून एकदा तिचा डोळा लागला नव्हता. उलट सगळा प्रवासभर हिची टकळी चालू. ते झाड कसलं, ती पाटी वाचलीत का, मगाशी गेला तो ट्रक आपल्या गावचा होता का. बोलायला काही उरलं नाही की गाणं, तेही चुकीच्या शब्दांचं. तेही संपलं की बोटाने बरगडीत ढोसायचं, "अहो, ऐकताय ना?" हा खेकसायचा, "ऐकतोय, गप बस जरा." ती तेवढ्यापुरती गप्प बसायची. त्याला वाटायचं, हिचा स्वभावच तसा. आता कळलं, स्वभाव वगैरे काही नाही. आपल्या पाठीवर हिचा भरवसा नाही, त्याच्या पाठीवर आहे.

"झोप छान लागली म्हणे," घरी आल्यावर त्याने बूट काढता काढता विचारलं.

"हो हो. किती दिवसांनी लागली अशी," ती म्हणाली. मनात काही असतं तर इतकं सरळ उत्तर आलं नसतं. पण जळणाऱ्या माणसाला सरळ उत्तरच जास्त लागतं.

पुढे साडू भेटला तेव्हा याने सहज विचारल्यासारखा विषय काढला. साडू मनापासून खूश झाला. "अहो साडूभाऊ, त्यात माझं काही नाही. क्रूझ कंट्रोल! नव्वदवर लावायचा आणि हात नुसता ठेवायचा. मूठ पिळणं नाही, धक्का नाही. पोटातलं पाणी हलत नाही."

"कितीपर्यंत लागतो?"

"एकशे तीस. पण लावतो कोण? रस्त्यावर पाटी नव्वदची."

सीटवाल्याने फक्त पहिले दोन शब्द ऐकले. त्याच आठवड्यात तो गाड्यांच्या शोरूममध्ये उभा होता. तिथली मुलगी गाडीचे गुण सांगायला लागली, तर याने तिला मधेच तोडलं.

"क्रूझ कुठपर्यंत लागतो तेवढं सांगा."

"कुठपर्यंत हवाय?"

"साडूच्या पुढे."

अशी गिऱ्हाइकं तिने पाहिलेली असावीत. न हसता तिने दुसरी गाडी दाखवली. "ही एकशे साठपर्यंत जाते. आणि एकदा लावला की ब्रेकला किंवा क्लचला हात लागेपर्यंत वेग तोच राहतो. मूठ सोडलीत तरी गाडी मंदावत नाही." सीटवाल्याने मान डोलावली. कितीपर्यंत ते त्याला कळलं होतं. बाकीचं त्याने कानाआड केलं.

या गाडीची मागची सीट शिवताना त्याने स्वतःलाच मागे टाकलं. उशी दुप्पट, गाद्या रुंद. बायको बसून बघून म्हणाली, "चांगली झालीय. पण आपली जुनी गाडी काय वाईट होती?"

पुढच्या सहलीला दोन्ही जोडपी निघाली. दुपारी वाटेतल्या एका खानावळीत सगळे पोटभर जेवले. थोरली नेहमीप्रमाणे घास घेतानाही बोलत होती. निघताना गाडीपाशी बायको म्हणाली, "थोडा वेळ इथेच बसू या का? ऊन उतरू दे." त्यावर इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं.

"माझ्याबरोबर बसायचं म्हटलं की तुझ्या हजार अडचणी. त्याच्या मागे बरी झोप लागली तुला. माझ्या मागे डोळा मिटायला काय होतं? पडशील असं वाटतं?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "हे मनात धरून बसलात होय?" तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग साडू आणि थोरली चार पावलांवर आहेत हे पाहून मिटलं. "ही गाडी खरंच आपोआप चालते?"

"पोटातलं पाणी हलणार नाही."

"बरं. मग झोपते."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने नव्वदची पाटी पाहिली, नाकावर टिच्चून मागे टाकली आणि एकशे दहावर क्रूझ लावला. साडूच्या शेजारून जाताना मान ताठ. मागून एक शब्द नाही, एक ढोसणं नाही. थोड्या वेळाने पाठीवर काहीतरी हलकेच टेकलं. तिचं हेल्मेट.

सीटवाल्याचा ऊर भरून आला. साडूने आत्ता बघायला हवं होतं. टेम्पोवाल्यानेही बघायला हवं होतं. रस्ता सरळसोट होता, ऊन मऊ झालं होतं, इंजिनाचा एकच सूर चालला होता आणि पाठीवर तिची ऊब होती. इतकं सुख त्याला कुठल्याही गाडीवर कधी मिळालं नव्हतं. पापण्या जड झाल्या. मुठीवरचा हात सैल पडला.

मशीन मात्र थांबलं नाही.

त्याला जागं केलं ते रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांच्या खडखडाटाने. डोळे उघडले तेव्हा समोर कडेला उभा केलेला डांबराचा रोलर होता. त्याने हँडल ओढलं. रोलर हातभरावरून गेला. मग ब्रेक, मग पुढची बरीच वाट नुसता ब्रेक, आणि मग गाडी कशीबशी थांबली. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

बायको गाडीवरून उतरली. हेल्मेट काढलं. डोळ्यांत अजून झोप होती. तिने मागे रोलरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लागला ना डोळा?"

तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. जेवण झालं आणि रस्ता सरळ असला की तुमची मान पडते. जुनी गाडी बरी होती, हात सैल पडला की मंदावायची, तुम्ही जागे व्हायचा. पण तेवढ्यावर कोण विसंबणार? म्हणून बोलत बसायचे. मला काय झाडांची नावं पाठ करायची होती?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला? मागे कोणी झोपलं नाही तर वर्षभर धुमसता तुम्ही."

तो मान खाली घालून उभा राहिला. "आणि साडूंच्या मागे..."

"त्या दिवशी तुम्ही टेम्पोत होतात. तुमच्या हातात हँडल नव्हतं. म्हणून निवांत झोपले." तिने हेल्मेट सीटवर ठेवलं. "आणि आज म्हणालात, ही आपोआप चालते. मला वाटलं, एकदा तरी तुमच्या पाठीवर झोपून बघावं. मला वाटत नसेल का?"

साडूच्या गाडीवर, क्रूझवर, पाठीवरच्या एका झोपेवर इतके महिने जळणाऱ्या त्या माणसाला तिथेच रडू आलं. त्याने हेल्मेट काढलं नाही.

तेवढ्यात साडू येऊन पोचला. "काय झालं साडूभाऊ? पेट्रोल?"

हो म्हणायला किती सोपं होतं. बायकोही मुद्दाम दुसरीकडे बघायला लागली, त्याला खोटं बोलायला मोकळीक देऊन.

"नाही," सीटवाला म्हणाला. "मला झोप लागली. वाचलो." साडूचा चेहरा उतरला. मग सीटवाला जे बोलला, ते बोलताना जीभ भाजल्यासारखी झाली. "हिला तुमच्या मागे बसवा. नव्वदच्या पुढे जाऊ नका. ताई, तुम्ही माझ्या मागे या आणि बोलत राहा. अजिबात थांबू नका."

थोरलीला जन्मात असं कोणी सांगितलं नव्हतं. ती लगेच येऊन बसली आणि शेजारणीच्या सुनेपासून सुरुवात केली.

सीटवाल्याने क्रूझ लावला नाही. मूठ घट्ट पिळून धरली आणि साडूच्या मागे थोडं अंतर ठेवून चालत राहिला. डोळा लागायचा प्रश्नच नव्हता. समोर बायको दुसऱ्याच्या मागे बसलेली, आणि पोटातली ती जुनी आग जशीच्या तशी पेटलेली. आता हेल्मेट कलेल, आता टेकेल. टेकू दे, तो मनाला बजावत होता, तिला झोपू दे. आणि टेकू नये असंही त्याला तितकंच वाटत होतं.

हेल्मेट हललं. पण पुढे नाही. तिने उशीवरून वळून मागे पाहिलं, त्याच्याकडे. त्याने हात वर केला, मी जागा आहे असं सांगायला. ती पुढे वळली. थोड्या वेळाने पुन्हा मागे. पुन्हा त्याने हात वर केला.

तिच्याच मापाने शिवलेल्या त्या सीटवर ती घर येईपर्यंत क्षणभरही झोपली नाही.