कादंबरीतला चिखल

ताईच्या कादंबरीत वाघ होता. खाडीत नव्हता. धाकटी बारा वर्षं त्या खाडीच्या खारफुटीत काम करत होती. तिने पाणमांजरं पाहिली होती, कोल्हे पाहिले होते, जाळ्यात अडकलेली एक मगरही पाहिली होती. वाघ मात्र ताईने आणला. नुसता आणला नाही, तर भर पौर्णिमेला गुडघाभर पाण्यात उभा करून त्याला नायिकेच्या डोळ्यांत नऊ पानं बघायला लावलं.

"अगं, प्रतीक आहे ते," ताईने समजावलं होतं.

"कशाचं?"

"ते वाचकाने ठरवायचं."

म्हणजे तिलाही माहीत नव्हतं.

कादंबरीतली भरती नायिकेच्या मनाप्रमाणे यायची. ती रडली की पाणी चढायचं, तिचा प्रियकर आला की ओसरायचं. चंद्र नुसता शोभेला. खेकड्यांना माणसांची दुःखं कळायची. आणि नायिका, जी पोटासाठी खेकडे पकडायची, ती दर दोन प्रकरणांनी केस मोकळे सोडून चिखलातून अनवाणी पळत सुटायची. चिखल घोट्याएवढा. श्वास घ्यायला जमिनीतून वर आलेली खिळ्यांसारखी मुळं तिच्या पायाला कधी टोचली नाहीत.

ज्या खेकडेवाल्या मावशीवर ही नायिका बेतली होती, तिच्याशी ताई एकदा तासभर बोलली होती, होडीतून न उतरता. धाकटीने मावशीला ते प्रकरण वाचून दाखवलं.

"केस मोकळे?" मावशी म्हणाली. "पहिल्याच फांदीला लटकेन की गं. पुढे काय होतं माझं?"

"वाघ खातो."

"सुटले! मला वाटलं, परत लग्नबिग्न लावून देते की काय."

पुस्तक गाजणार याबद्दल धाकटीला शंका नव्हती, आणि खरं तर हरकतही नव्हती. तिचा जीव अडकला होता तो खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका पट्ट्यात. तिथला काठ ढासळत होता म्हणून दगडी भिंत मंजूर झाली होती. भिंत उभी राहिली की भरतीचं पाणी आत येणं बंद, आणि मागचं सगळं जंगल उभ्या उभ्या वाळणार. धाकटीचं म्हणणं, काठ रोपं धरून ठेवतील. भिंत मंजूर करणाऱ्या समितीचं म्हणणं, दाखवा. पहिल्या वेळी लावलेली रोपं लाटांनी नेली, दुसऱ्या वेळची खेकड्यांनी कुरतडली. तिसऱ्यांदा मात्र मुळं धरली. सोमवारी समिती बघायला येणार होती. रोपं जागेवर असली तर भिंत थांबणार. नसली तर दगड रस्त्याच्या कडेला रचून तयारच होते.

प्रकाशन शनिवारी संध्याकाळी होतं. धाकटी खाडीच्या पलीकडच्या काठावरची कामं उरकून उशिरा पोचली, सभागृहाच्या न्हाणीघरात पाय धुतले आणि पुढच्या रांगेत आईच्या शेजारी येऊन बसली. मग तिने मंचाकडे पाहिलं.

मंचभर पांढऱ्याशुभ्र कुंड्या होत्या, आणि कुंड्यांत खारफुटी. रोपं तिला लगेच ओळखू आली नाहीत. रोप रोपासारखंच दिसतं. ओळखू आल्या त्या खोडाला बांधलेल्या पिवळ्या पट्ट्या. त्यांवरचे आकडे तिच्या अक्षरात होते.

"किती सुरेख दिसतंय ना!" आई कानाशी म्हणाली. "चला, तुझंही काहीतरी कामाला आलं."

धाकटी उठून मंचामागे गेली. तिथे सजावटवाला वायरी गुंडाळत उभा होता.

"ही कुठून आणली?"

"बाईंनीच जागा सांगितली. त्यांच्या बहिणीची बाग आहे म्हणे. लाकडी पुलाला लागूनच, ओळीने लावलेली. बरं झालं, नाहीतर त्या जंगलात कोण घुसणार?"

"तोडली?"

"छे हो, मुळासकट उपटली! बाईंनी बजावलं होतं. तोडलेली झाडं त्यांना बघवत नाहीत."

"किती ओळी?"

"पुढच्या दोन. अहो, मंच केवढा आहे! पाणीही घातलंय भरपूर. गोडं, फिल्टरचं."

पुढच्या दोन. म्हणजे लाटा अंगावर घेणाऱ्या, आणि समितीला पुलावरून दिसणाऱ्या नेमक्या त्याच.

मंचावर एक समीक्षक सांगत होते की ही कादंबरी वाचताना त्यांच्या पायांना चिखल लागला. त्यांचे बूट लखलखत होते. मग ताई उठली. टाळ्या थांबेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले, हे ती आरशासमोर करून बघायची, आणि म्हणाली, "खारफुटीने मला मुळांचं मौन शिकवलं."

धाकटी पायऱ्या चढून वर गेली, दोन कुंड्या उचलल्या आणि चालू लागली.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. ती परत आली, आणखी दोन उचलल्या, टाळ्या वाढल्या. एक गृहस्थ तर उभेच राहिले. तिसऱ्या फेरीला ताईने माईकवर हात ठेवला.

"काय चाललंय तुझं? उद्या देते ना परत!"

"परत? उसनी नेलेली वाटी आहे का ती?"

"चार रोपांसाठी माझा कार्यक्रम..."

"सोमवारी समिती येतेय. फोनवर सांगितलं होतं तुला."

ताईचा चेहरा क्षणभर उतरला. सांगितलं होतं हे तिला आठवलं असावं. पण धाकटीचं बोलणं ती ऐकायची ते चांगलं वाक्य कुठे मिळतंय का बघायला. सोमवारसारख्या शब्दात तिला काही सापडत नसे. तिने माईकवरचा हात काढला.

"ही माझी बहीण," ती ओल्या आवाजात म्हणाली. "या लेकरांना ती त्यांच्या घरी नेतेय. उद्या सकाळी आपण सगळेच जाऊ या."

सभागृह भारावून गेलं. फोन वर झाले, फोटो निघाले, दोघीतिघींनी डोळे पुसले. कुंडी मात्र एकानेही उचलली नाही. मदतीला आला तो सजावटवाला. त्याला त्याच्या कुंड्या परत हव्या होत्या.

रविवारी सकाळी ओहोटीला धाकटी आणि मावशी चिखलात उतरल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं फळीवर ठेवायची, फळी पुढे ढकलायची, तिच्यावर ओणवं होऊन लावत जायचं. पहिली ओळ संपत आली तेव्हा पुलावर ताई दिसली. अंगात कालचाच भारी कुडता, हातात बूट.

"एकटीच?" धाकटी म्हणाली. "वाचक कुठायत तुझे?"

"सगळ्यांना निरोप पाठवला होता. चौघांनी हृदयाची चित्रं पाठवली." ताईने खाली वाकून पाहिलं. "किती खोल आहे गं?"

"मला काय विचारतेस? तूच लिहिलंयस, घोट्याएवढा."

ताईला ते लागलं. तिने बूट ठेवले, कुडता सावरला आणि ती नायिकेसारखी खाली उतरली. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसऱ्याला ती मांडीपर्यंत आत गेली आणि किंचाळली.

"पळा बाई, पळा!" मावशी ओरडली. "मागे वाघ लागलाय!"

"हसताय काय! मी आत चाललेय!"

"कुठेही चाललेली नाहीस," धाकटी म्हणाली. "हातपाय झाडू नकोस, म्हणजे आहेस तिथेच राहशील."

"मला आधी बाहेर काढ!"

धाकटीने खाडीकडे पाहिलं. पाणी अजून लांब होतं, पण ते वळलं होतं. ताईला ओढून काढायचं तर दोघींचेही हात लागणार, आणि तेवढ्यात उरलेली ओळ तशीच राहणार. तिने फळी सरकवत ताईपर्यंत नेली आणि गोणपाट तिच्यापुढे ठेवलं.

"आधी ही. हात पोचेल तिथपर्यंत लावत जा. मूळ दुमडू देऊ नकोस."

"तू माझी सख्खी बहीण आहेस ना?"

"म्हणूनच. परक्या बाईला आधी बाहेर काढलं असतं."

ताई रडली, मग तिने शिव्या दिल्या. तिच्या पुस्तकात एकही शिवी नव्हती, आणि तिला एवढ्या येतात हे धाकटीला लहानपणानंतर पहिल्यांदाच कळलं. मग ती लावायला लागली. मधेच तिच्या मनगटावर काहीतरी टुणकन उडून बसलं, बटबटीत डोळ्यांचं.

"ई! हे काय?"

"मासा."

"पाण्याबाहेर?"

"इथे ढिगाने आहेत. तुझ्या नऊ पानांत मावला नसेल."

पाणी फळीला टेकलं तेव्हा गोणपाट रिकामं झालं होतं. "आता आडवी पड," धाकटी म्हणाली. "पोटावर. फळी धर आणि सरपटत ये." भारी कुडत्यासकट, हनुवटी चिखलात घासत, ताई सरपटत आली. मावशीने तिला पुलावर ओढून घेतलं आणि म्हणाली, "केस बांधलेले होते म्हणून वाचलात."

सोमवारी समिती आली. पुलावरून खाली कोणीच उतरलं नाही. अध्यक्षांनी दुर्बिणीतून पाहिलं.

"ओळी सरळ आहेत, मधेच हे अर्धवर्तुळ कसलं?"

"तिथे एक बाई अडकली होती."

त्यांना तो विनोद वाटला. "जगतील का ही?"

जगतील, असं म्हणणं सोपं होतं. "हलवावी लागली आहेत," धाकटी म्हणाली. "पुढच्या ओळीतली निम्मी जगली तर काठ धरेल. मोजायला वर्ष द्या."

त्यांनी वर्ष दिलं. दगड रस्त्याकडेलाच राहिले; उचलून नेले नाहीत, पण वापरलेही नाहीत.

दोन महिन्यांनी ताईचा फोन आला तेव्हा धाकटी चिखलातच होती.

"दुसरी आवृत्ती निघतेय! चिखल मांडीपर्यंत केलाय मी. तुझ्यासाठी."

"आणि वाघ?"

"वाघ राहू दे गं. लोकांना फार आवडलाय."

धाकटीने फोन खिशात टाकला आणि अर्धवर्तुळातली मेलेली रोपं उपटायला घेतली.