रत्नाबाईंचा उपास

यंदा जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास कसबा बावड्यात होता. दिवाळी झाली की महाराज पुढच्या गावाला निघणार; त्याच्या आत एकदा तरी त्यांना आपल्या हातानं आहार द्यायचा, एवढंच रत्नाबाईंना हवं होतं. त्यासाठी दारात कलश घेऊन उभं राहायचं, महाराज थांबले की त्यांना तीन प्रदक्षिणा घालायच्या. महाराज जेवणार उभ्यानं, मग वाढणाऱ्यानं बसून कसं चालेल? पण रत्नाबाईंचे गुडघे उंबऱ्यातच दगा द्यायचे.

सांधे बदलायला त्या तयार नव्हत्या. मुलगा चिराग त्यांना डॉक्टर निशिगंधांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कागदावर गुडघा काढला. झिजलेल्या सांध्यात नको त्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांच्या जोडीनं नसा वाढतात आणि त्या ठणकतात. मांडीतून बारीक नळी घालायची, औषधी रंग सोडून त्या वाहिन्या पडद्यावर बघायच्या आणि वाळूहून बारीक कण सोडून बंद करायच्या.

"उसाला फुटलेला नको तो पाणकोंब मोडायचा, तसंच की," रत्नाबाई म्हणाल्या.

"तसंच. पण झिजलेली गादी परत येत नाही. उतार पडायला महिनाभर जातो, आणि सगळ्यांनाच पडतो असंही नाही."

महिनाभर म्हणजे दिवाळीच्या आत जमत होतं. बुधवार ठरला. सकाळी उपाशीपोटी यायचं होतं.

बुधवारी नळी घालण्याआधी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर रिपोर्ट घेऊनच खाटेपाशी आल्या.

"किडनीचा आकडा एकदम चढलाय. मागच्या आठवड्यात ठीक होता. पाणी किती पिता?"



"आक्का," चिराग म्हणाला. आईला तो आक्काच म्हणायचा. "इचारत्यात त्या."

"रविवारपासनं उपास हाय."

"पाण्याबिगर?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचा उपास तसाच असतोय. हे नीट व्हावं म्हणून धरला. उद्या पारणं."

चिरागची बायको आदिती माहेरी इचलकरंजीला गेली होती आणि तो स्वतः दिवसभर दुकानात. रत्नाबाईंच्या ताटाकडे बघायला घरात कुणी नव्हतं.

"सकाळी उपाशी या म्हटलं हुतं," चिराग म्हणाला. "रविवारपासनं न्हवं. सांगायचं तरी."

"उपास काय दवंडी पिटून करत्यात व्हय?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. "रंग किडनीतूनच बाहेर पडतो. आज सोडला तर किडनीला झेपायचा नाही. आता पाणी प्या, सलाईन लावू. आकडा नीट उतरू दे, मग तारीख देते. गुडघ्याला उतार मात्र दिवाळीनंतरच."

नर्सनं पेला आणून दिला. परक्या जागी पाणी गाळलंय का, हे विचारल्याशिवाय रत्नाबाई कधी घोट घेत नसत. आज त्यांनी विचारलं नाही. पेला रिकामा केला, दुसराही केला. नेम मोडला होता. वाईट वाटायला हवं होतं, म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. काही वाटलं नाही. गुडघा तेवढा नेहमीसारखा ठणकत होता.

"आदितीला बोलवून घे," त्या म्हणाल्या. "आहाराला ती उभी राहील."

"आक्का, पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी म्हाराज कुठल्या गावात, कुणाला ठावं? तिला सांग, प्रदक्षिणा घालताना म्हाराज उजव्या हाताला ठेवायचे. गडबडीत उलटी फिरंल."

चिराग फोन लावायला बाहेर गेला. रत्नाबाईंनी सलाईनसाठी हात पुढे केला.