येनाच्या सालीत उकळलेली दोरी

या प्रकारच्या मासेमारीत वजन गळाला नसते, दोरीला असते. एवढे एक वाक्य ध्यानात आले की पुढचे सगळे संकट ध्यानात येते. साध्या गळाला शिशाचा मणी बांधून तो हवा तिथे भिरकावता येतो. माझ्या गळावर बकरीच्या केसांचा, अंगठ्याच्या नखाएवढा खोटा बेडूक असतो. त्याला नाव घेण्याजोगे वजन नाही. म्हणून जाड दोरीच हवेत मागे-पुढे झुलवून त्याला पाण्यापर्यंत पोहोचवावे लागते. मासा खोल असेल तर बुडणारी दोरी लागते, वर असेल तर तरंगणारी. शहाणी माणसे यासाठी दोन काठ्या बाळगतात.

मला एकच काठी बाळगण्याची परवानगी होती.

परवानगी आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीची. मी आरमोरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि राहते मात्र बाहेरच्या एका खेड्यात, कारण तिथे जुना मालगुजारी तलाव आहे. तलाव धिवरांच्या सोसायटीकडे. पूर्वी शहरातले शौकीन येत, काठावर चार-चार काठ्या रोवत आणि मोहाच्या सावलीत झोपून जात. झोपेत लागलेला मासा काठीसकट निघून जाई. म्हणून सोसायटीच्या अध्यक्षा रुखमाबाई यांनी नियम केला : एका माणसाला एक काठी. नियमामागच्या तर्कात मला दोष सापडला नाही. सापडला असता तर मी नक्की सांगितला असता.

सोसायटीचे सचिव हेमराज यांचा आक्षेप काठीच्या संख्येवर नव्हता, माझ्यावरच होता. दोन वर्षांत मी या तलावातून एकही मासा काढलेला नव्हता, आणि हे विधान दुर्दैवाने खरे होते.

"म्याडम मासोरी नाई धरत, हवा झोडपते," ते बैठकीत म्हणाले. "अन् तो सपासप आवाज आयकून बाकीच्या मासोऱ्या भेतात."

"मासे पाण्यात असतात, हेमराजभाऊ. हवेतला आवाज पृष्ठभागावरूनच बहुतेक परत फिरतो," मी म्हटले.

"तुमची दोरीबी तशीच परत फिरते."

बैठक हसली. रुखमाबाईंनी हसू ओसरू दिले आणि निकाल दिला. "शनिवारी जाळं टाकतो. सारे लोक येतेतच. जाळ्याच्या आंधी म्याडमनं सगळ्यांसमोर एक मरळ काढून दाखवावा. निघाला तं परवानगी कायम. नाई निघाला तं काठी घरी."

आजूबाजूचे बाकीचे तलाव ठेकेदारांकडे आहेत आणि ते कुणाला काठाशी उभे राहू देत नाहीत. म्हणजे काठी घरी गेली असती ती कायमचीच. आठवड्यातून एक सकाळ अशी मिळत होती की जिच्यात मला कुणी गुण वाढवून मागत नसे. तीही गेली असती.

मरळ हा हवा घेणारा मासा. थंडीत पहाटे तो खोल पाण्यात गारठून बसतो आणि ऊन चढू लागले की कमळाच्या पानांच्या कडेला वर येतो. माझी वेळ नेमकी या दोन अवस्थांच्या मधली होती. सुरुवात बुडणाऱ्या दोरीने करायची, ऊन आले की तरंगणारी लावायची, आणि हे सगळे जाळे पाण्यात उतरण्याआधी. थोडक्यात, प्रश्न माशाचा नव्हता. एका काठीवर दोरी झटपट कशी बदलायची, हा होता.

रूढ पद्धत अशी : रीळ बदलायचे, काठीच्या सर्व कड्यांतून दोरी ओढून काढायची आणि दुसरी ओवायची. ओवताना टोक हातून निसटले तर दोरी आपल्या वजनाने सरसरत सगळ्या कड्यांतून खाली येते. गुरुत्वाकर्षण मी वर्गातही शिकवते, पण तिथे ते इतके वैयक्तिक वाटत नाही. टोक आधी दुमडून घेतले आणि तो दुमडा ओवला तर निसटलेली दोरी कडीतच अडकून राहते. ही पहिली सुधारणा. दुसरी सुधारणा अधिक मूलगामी होती. फेकताना काम करतो तो दोरीचा पुढचा जाड तुकडा. मागची बारीक दोरी नुसती त्याच्यामागे जाते. मग अख्खी दोरी बदलायची कशाला? मी दोन्ही दोऱ्या कापल्या आणि पुढच्या तुकड्यांच्या टोकांना लहान पक्के फास केले. बारीक दोरी कड्यांतच ओवलेली राहणार; तिच्या फासात हव्या त्या तुकड्याचा फास अडकवायचा, की झाले. पिवळा तुकडा तरंगणारा, तपकिरी बुडणारा. अंगणात सराव केला. कुकरच्या एका शिट्टीपासून दुसरीपर्यंत बदल पूर्ण होऊ लागला आणि वरण सलग तीन वेळा करपले.

आता एकच उणीव होती. रिळावर राहून तुकड्यांना वेटोळ्यांची सवय लागली होती. ती मोडावी म्हणून शुक्रवारी सकाळी कॉलेजला जाताना मी दोन्ही तुकडे तलावाकाठच्या दोन मोहांमध्ये ताणून बांधले आणि शेजारच्या झोपडीतल्या लटारूभाऊंना लक्ष ठेवायला सांगितले. लटारूभाऊ तलावाचे राखणदार. फार जुने, फार मायाळू. त्यांनी लक्ष ठेवले.

शनिवारी उजाडताना मी पोहोचले तेव्हा मोहांमध्ये काही नव्हते. झोपडीच्या खुंटीवर दोन वेटोळी टांगलेली होती. दोन्ही काताच्या रंगाची.

"लटारूभाऊ, हे काय?"

"रंगवली," ते म्हणाले. "दोरी कच्चीच होती नं, म्याडम. एक तं हळदीसारखी पिवळी धम्मक! एका पावसाळ्यात सडली असती. येनाची साल टाकली अन् दिवसभर उकळली. आता पाहा, तीन साल हालत नाई."

सुती जाळ्यांच्या काळात गावातले प्रत्येक जाळे लटारूभाऊंच्या हंड्यातून निघत असे. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या, सालीच्या काढ्यात उकळलेले सूत पाण्यात कुजत नाही. हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. माझी दोरी सुती नव्हती, प्लास्टिकच्या लेपाची होती, एवढाच फरक.

"नायलॉन आल्यापासून कोनी हंडा मांगतच नाई मले," ते पुढे म्हणाले. "काल लय दिवसानं पेटवला."

माझ्याकडे बरीच वाक्ये तयार होती. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी त्यांतले एकही वापरले नाही. शिवाय रंगाचा घनतेशी संबंध नसतो. तरंगणारा तुकडा तरंगतो तो त्याच्या लेपातल्या बारीक हवेच्या बुडबुड्यांमुळे. बुडबुडे शाबूत असतील, असे मी गृहीत धरले. गृहीत धरण्याला माझा एरवी विरोध असतो.

काठावर गाव जमले. जाळ्याचे ढीग उतरले, बिड्या पेटल्या. रंगावरून ओळख उरली नव्हती, पण बुडणारा तुकडा हाताला किंचित बारीक लागत होता; तो लावून मी खोल पाण्यात फेकू लागले. कमळाचे एक देठ निघाले. त्यावर हेमराज म्हणाले, "भाजी झाली. आता मासोरी काढा."

मग ऊन पानांवर आले आणि पानांच्या कडेला एक बुडबुडा फुटला. मरळ हवा घ्यायला वर आला होता. मी दोरी गुंडाळली, फास सोडवला, जाड, तरंगणारा तुकडा अडकवला, ताणून पाहिला. इतका निर्दोष बदल अंगणातही साधला नव्हता. मी मान वर केली.

"थांबल्या काऊन म्याडम?" गर्दीतून कुणी विचारले.

"दोरी बदलली."

"कोनती?"

"ही."

"तेच तं आहे!" हेमराज म्हणाले. "तपकिरी काढून तपकिरी लावली. बाप्पा, हे कॉलेजात शिकवतेत का?"

मी फेकले. दोरी पानांच्या कडेने सुरेख पसरली, क्षणभर विचारात पडल्यासारखी पाण्यावर राहिली आणि शांतपणे बुडाली. दिवसभर उकळून लेप तडकला होता आणि बुडबुड्यांच्या जागी पाणी शिरले होते. आता माझ्याकडे दोन दोऱ्या होत्या : एक लवकर बुडणारी आणि एक सावकाश बुडणारी.

"बुडाली नं?" लटारूभाऊ समाधानाने म्हणाले. "पक्की झाली."

जाळेवाल्यांनी धोतरे खोचायला सुरुवात केली होती. मला एवढेच आठवले की प्लास्टिकच्या आधी या दोऱ्या रेशमाच्या असत, आणि रेशीम बुडू नये म्हणून त्याला चरबी चोळत.

"लटारूभाऊ, टोळीचं तेल आहे का?"

मोहाच्या बियांचे हे तेल थंडीत तुपासारखे थिजते आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. वासाबद्दल न बोललेले बरे. लटारूभाऊंनी डबा आणला. मी दोरी पदराने पुसून चोळू लागले, पण ती लांब होती आणि वेळ आखूड. रुखमाबाई पुढे आल्या.

"अशी नाई होत, म्याडम. पोरींनो, धरा गं!"

बायकांनी दोरी ओळीने हातात घेतली आणि लेकराच्या अंगाला लावावे तसे तेल लावून टाकले. "टाच समजून चोळ वं," एक म्हणाली. "माह्या टाचेले कोनी एवढं नाई चोळलं," दुसरी म्हणाली.

मी फेकले. दोरी तरंगली. बेडूक पानाच्या कडेला टपकला, मी त्याला किंचित हलवले, आणि पाणी फाटले.

मरळ चांगला मोठा होता आणि कमळाच्या मुळांकडे निघाला होता. तिथे पोहोचला असता तर सुटलाच असता. त्याला रोखायचे म्हणजे दोरी बोटांत दाबून धरायची. आणि दोरीला, माझ्या बोटांना आणि काठीच्या मुठीलाही टोळीचे तेल होते. घर्षणाचा गुणांक शून्याच्या इतक्या जवळ मी प्रयोगशाळेतही पाहिलेला नाही. दोरी सुळसुळत निघून जात होती.

"जाऊन राह्यली! म्याडम, धरा!"

"धरली आहे! राहत नाही!"

रुखमाबाईंनी पदर हाताला गुंडाळला, माझ्या पुढ्यातली दोरी त्यात पकडली आणि चिखलात टाच रोवली. दोरी थांबली. मासा वळला. मी काठी उचलली, त्यांनी ओढले, आणि थोड्याच वेळात मरळ काठावरच्या गवतात आपटू लागला.

"हे चालत नाई!" हेमराज ओरडले. "एका काठीले दोन मानसं लागले. नियम काय आहे?"

"एका मानसाले एक काठी," रुखमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "एका काठीले किती मानसं, ते नियमात नाई. कोनं लिहिलं आहे का?"

विधान आणि त्याचा व्यत्यास यांतला हा फरक मी दर वर्षी अकरावीला समजावते, आणि दर वर्षी अर्धा वर्ग नापास होतो.

"परवानगी कायम," रुखमाबाईंनी जाहीर केले. मी हात पुसायला काही शोधत होते तोच त्या पुढे म्हणाल्या, "पन एक अट. दोरी लटारूभाऊच्या हंड्यातूनच निघाली पायजे."

"रुखमाबाई, सालीचा यात काही संबंध नाही. मासा सालीमुळे नाही, साल असूनही लागला. काम तेलाने केलं."

"दोन सालांत लागला होता का?"

"नाही."

"आज लागला नं?"

लोकांनी माना डोलावल्या. लटारूभाऊ झोपडीकडे चालू लागले होते. इतक्या भरभर चालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. थोड्या वेळाने मी हात धुऊन तिकडे गेले तेव्हा हंड्याखाली जाळ होता, आणि शेजारी हेमराज खांद्यावर स्वतःचे जाळे घेऊन उभे होते. कोरे करकरीत, हिरवे, नायलॉनचे.

"हेमराजभाऊ, नायलॉनला याचा काही उपयोग नाही. ते मुळात कुजतच नाही. आणि एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नसतो."

हेमराज यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"बराबर आहे, म्याडम," ते म्हणाले, आणि जाळे हंड्यात सोडले. "मंग दुसरं करून पाहू."